दिवाचनं लावलेले दिवे

भांडण उकरलं मन्यानं, आणि कारण घरगुती होतं. त्याच्या पुतण्याला जिल्ह्याच्या बास्केटबॉल संघातून वगळलं होतं. "त्या निवड समितीत एकानं तरी आयुष्यात लेअप मारलाय का? खेळलेल्या माणसानंच संघ निवडावा. बाकीच्यांनी नारळ फोडायला यावं," असं म्हणत त्यानं कटिंगचा ग्लास आपटला. पाऊस नुकताच थांबला होता. शिवाजी पार्कचा कट्टा ओला, त्यामुळे आम्ही खाली पेपर पसरून बसलो होतो.

"खेळलेला म्हणजे कसा?" लंबू म्हणाला. "व्लादे दिवाचसारखा?"

सईला हसू आवरेना. आमच्यात बास्केटबॉल खरं खेळलेली ती एकटीच. बापूंचा सगळा जीव क्रिकेटमध्ये. त्यांनी विचारलं, "कुठला दिवा?"

"दिवाच, बापू. शेवटचा च चहातला नाही, चाकातला. स्पेलिंग बघून पोरं दिवाक म्हणतात."

"म्हणजे 'मला दिवाच हवा, बल्ब नको' त्यातला च?"

"अगदी तोच."

सात फूट एक इंच उंचीचा हा सर्बियन सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच गडी, 1989 मध्ये एनबीए या अमेरिकन लीगमधल्या लॉस एंजेलिस लेकर्सनं ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या पाळीपाळीनं होणाऱ्या निवडीत, सव्विसाव्या क्रमांकावर घेतला. युरोपातून थेट येऊन अमेरिकेत पाय रोवणाऱ्यांच्या पहिल्या फळीतला. हात मऊ, पासिंग सुरेख, आणि धक्का लागला की नाटकमंडळीत शोभेल असं पडणं. हे शेवटचं सईनं कट्ट्यावर करूनही दाखवलं. पेपर फाटला.

"1996 साली लेकर्सचा संघ बांधणाऱ्या जेरी वेस्टनं त्याला शार्लटच्या संघाला दिला आणि बदल्यात सतरा वर्षांचा कोबी घेतला," लंबू म्हणाला.

"कोबी?"

"भाजी नाही हो बापू. कोबी ब्रायंट, पुढे लेकर्सचा महानायक झालेला."

मन्याच्या अंगात वारं आलं. "बघ! जेरी वेस्ट कोण? चौदा सीझन लेकर्सकडून खेळलेला! एनबीएच्या लोगोवर जी आकृती आहे ती त्याचीच. त्यानं कोबीला सरावात लेकर्सच्याच जुन्या मायकेल कूपरसमोर उभं केलं आणि थोड्याच वेळात सांगितलं, पुरे, बघायचं ते बघितलं. ही नजर लॅपटॉपमधून येत नाही."

"आणि दिवाचचा पगार गेल्यामुळे शॅकिल ओनीलसारख्या मोठ्या ताऱ्याला पैसे द्यायला जागा झाली, ते नजरेतून आलं की हिशेबातून?" लंबू.

इथं बापूंना सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगाराची मर्यादा, समजवावी लागली. आयपीएलच्या लिलावातली पर्स म्हटल्यावर त्यांना लगेच कळलं. ड्राफ्ट मात्र त्यांना शेवटपर्यंत पटला नाही. "जो शेवटून पहिला त्याला आधी निवडायला मिळणार? हे म्हणजे नापासाला आधी प्रवेश!" त्यांचं फार चुकत नाही. आदल्या वर्षी जितके वाईट, तितकी सोडतीत वरच्या चिठ्ठीची शक्यता जास्त.

दिवाच पुढे सॅक्रामेंटो किंग्जमध्ये गेला आणि तिथला लाडका झाला. 2002 मध्ये लेकर्सविरुद्धच्या प्लेऑफ मालिकेतल्या चौथ्या सामन्यात शेवटच्या क्षणी त्यानं चेंडू रिंगखालून बाहेर टोलवला. वेळ संपावी एवढाच हेतू. चेंडू गेला तो थेट रॉबर्ट हॉरीच्या हातात. हॉरीनं तीन गुण मारले, 100-99. सात सामन्यांची ती मालिका किंग्जच्या हातून गेली. तो व्हिडिओ मी दहादा पाहिलाय आणि दरवेळी वाटतं, यावेळी तरी चेंडू धरेल.

तरी लोकांचं प्रेम आटलं नाही. त्याची 21 नंबरची जर्सी संघानं छताला टांगली. 2015 च्या मार्चमध्ये किंग्जनं त्याला ऑफिसात आणलं आणि काही महिन्यांत बास्केटबॉलचा सगळा कारभार त्याच्या हाती.

"आणलं कुणी?" बापू.

"मालकानं. विवेक रणदिवे."

बापू ताठ बसले. "आपला रणदिवे?"

आपलाच. मुंबईत जन्मलेला, अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये पैसा केलेला. 2013 मध्ये त्यानं किंग्ज घेतला, आणि 2019 च्या ऑक्टोबरमध्ये वरळीच्या डोममध्ये घेऊनही आला. एनबीएचे भारतातले पहिले सामने ते, किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. सई दुसऱ्या दिवशीच्या सामन्याला गेली होती. किंग्ज दोन्ही हरले, पण ती अजून त्याबद्दल असं बोलते की जणू लग्नाला गेली होती.

"मग आपल्या माणसानं निवडलेल्या माणसानं काय दिवे लावले ते तरी सांगा," बापू म्हणाले. लंबू ह्याचीच वाट बघत होता.

पहिल्याच उन्हाळ्यात कॅपमध्ये जागा हवी म्हणून दिवाचनं फिलाडेल्फियाच्या संघाला खेळाडू दिले, वर भविष्यातल्या ड्राफ्टमधला पहिल्या फेरीचा पिक, म्हणजे निवडीची पाळी, दिला, आणि दोन वर्षं पिक अदलाबदलीचा हक्कही दिला. त्या जागेत आलेला राजॉन राँडो एका सीझननंतर निघून गेला. 2017 च्या ड्राफ्टमध्ये किंग्जचा तिसरा नंबर लागला, तर तो हक्क वापरून फिलाडेल्फियानं त्यांना पाचव्यावर ढकललं. समोर फिलाडेल्फियाकडून सही करणारा मॅनेजर सॅम हिंकी. एनबीएत एक मिनिटही न खेळलेला.

"पण पाचव्यावर डीॲरन फॉक्स मिळाला," सई म्हणाली. "ती निवड दिवाचचीच. सोन्यासारखी."

"आणि 2018?"

सई गप्प. मन्याही गप्प.

2018 मध्ये किंग्जचा दुसरा नंबर होता आणि लुका दोंचिच उपलब्ध होता. एकोणीस वर्षांचा, रेआल माद्रिदकडून युरोलीगचा सर्वोत्तम खेळाडू झालेला. आदल्या सप्टेंबरात स्लोव्हेनियाकडून युरोपची फायनल जिंकलेला, तीही दिवाचच्याच सर्बियाविरुद्ध. पृथ्वीवर हा पोरगा कुणाला आधी कळायला हवा होता? दिवाचनं ड्यूक विद्यापीठाचा मार्व्हिन बॅगली घेतला.

"का पण?" बापू.

"फॉक्सच्या हातात चेंडू लागतो, दोंचिचच्याही लागतो. उंच माणूस हवा होता," सई म्हणाली. "आणि एकट्या दिवाचला फाशी नको. पहिला नंबर फीनिक्सचा होता. त्यांचा नवा कोच इगोर कोकोश्कोव्ह म्हणजे त्याच स्लोव्हेनियाला विजेतेपद मिळवून देणारा. तरी फीनिक्सनं डीआंद्रे एटन घेतला. तिसऱ्यावर अटलांटानं लुकाला घेतलं ते डॅलसला देण्यासाठी."

हे मला खरंच माहीत नव्हतं. लंबूचा आवाजही जरा उतरला.

पण मला त्या दिवशी जे वाटलं ते मी बोललो. खेळलेला की न खेळलेला हा वाद बाजूला ठेवा, मधल्या वर्षांत तो काय करत होता ते विचारा. वेस्ट 1974 ला थांबला. तीन वर्षं कोच होता, त्यात फार रमला नाही. मग तीन वर्षं स्काउट म्हणून गावोगावच्या जिममध्ये पोरं बघत फिरला. 1982 ला जनरल मॅनेजरची खुर्ची मिळाली. आपल्याकडे जुने कारागीर ज्याला उमेदवारी म्हणायचे ती त्यानं केली, आणि तीही नाव एवढं मोठं असताना. दिवाच मधल्या काळात सर्बियाच्या ऑलिंपिक समितीचा अध्यक्ष होता. मानाचं पद, पण तिथं पिकची अदलाबदल शिकवत नाहीत. त्याला थेट जर्सीखालच्या खुर्चीत बसवला.

"म्हणजे चूक रणदिव्यांची," बापू चटकन म्हणाले. आपला माणूस असला तरी. "सलामीवीर आवडतो म्हणून त्यालाच क्युरेटर केला."

मन्याला हे मान्य नव्हतं. त्यानं खेळून मग संघ चालवणारे लॅरी बर्ड आणि डॅनी एंज काढले. लंबूनं मायकेल जॉर्डन आणि तो मालक असतानाचा शार्लटचा 7 विजय, 59 पराभवांचा सीझन काढला. मग किंग्जमध्ये दिवाचनंतर त्याच खुर्चीत आलेल्या माँटी मॅकनेअरवर गाडी गेली. तो कॉम्प्युटर शिकलेला, ह्यूस्टनच्या ऑफिसात वर्षानुवर्षं घासलेला. 2023 मध्ये त्याच्या किंग्जनं सोळा सीझनचा प्लेऑफचा दुष्काळ संपवला. लंबू विजयी मुद्रेनं बघत होता.

"आणि टायरीस हॅलिबर्टनसारखा खेळाडू इंडियाना पेसर्सला कुणी दिला?" सईनं विचारलं. "तुझ्याच मॅकनेअरनं. 2025 ला त्याला घेऊन पेसर्स फायनलला होते. मॅकनेअर तेव्हा घरी होता."

लंबूनं चहा मागवला.

"तो लुका आता कुठाय?" बापूंनी विचारलं.

"डॅलसनं 2025 मध्ये लेकर्सला दिला."

"म्हणजे परत कोबीच्याच दुकानात!"

पाऊस पुन्हा भुरभुरायला लागला. मन्या उठून पँट झटकत होता, पण मूळ मुद्दा सोडायला तयार नव्हता. "ते सगळं ठीक. माझ्या पुतण्याला घ्यायलाच हवा होता."

"डाव्या हातानं ड्रिबल करतो का?" सईनं विचारलं.

मन्यानं छत्री उघडली. "शिकतोय," म्हणाला.