असे सर्वानुमते ठरले

पाचपाखाडीतली आमची इमारत रीडेव्हलपमेंटला जाणार, जाणार म्हणत कित्येक वर्षं जागच्या जागी उभी आहे. सोसायटीची वेबसाइट मात्र रोज पाडून नव्याने बांधली जाते. सेक्रेटरी काका फाइलझिला हे फाइली चढवायचं सॉफ्टवेअर उघडून थेट सर्व्हरवर हात घालतात. खजिनदार भाऊ आपल्या लॅपटॉपवरची मागल्या महिन्यातली फाइल त्यावर चढवतात. सर्व्हरवर 'इंडेक्स_जुनी', 'इंडेक्स_फायनल' आणि 'इंडेक्स_फायनल_हीच_ठेवा' अशा फाइली गुण्यागोविंदाने नांदतात. शेवटच्या फाइलला हात लावायची कुणाची छाती होत नाही.

"तू आयटीतला ना रे? बघ जरा," काका म्हणाले. ठाण्यात कुठलीही बेल वाजवली तरी आयटीतलाच माणूस दार उघडतो, पण बिनपैशाचं काम बरोबर आमच्याच दारात येतं.

मी गिट सुचवलं, म्हणजे फाइलींतला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर. लिनक्ससाठी वापरायचं जुनं सॉफ्टवेअर फुकट मिळेनासं झालं, तेव्हा 2005 च्या एप्रिलमध्ये लिनस टोरवाल्ड्सने काही दिवसांत गिट उभं केलं. ते वापरायचं की नाही, हे ठरवायला आमच्या कमिटीला त्याहून जास्त वेळ लागला.

"फुकट आहे ना?"

"फुकट आहे."

ठराव पास.

मग एसएसएच, म्हणजे दुरून सर्व्हरमध्ये शिरायचं सुरक्षित दार. होस्टिंगवाल्यांच्या चॅटवर मी विचारलं, आमच्या प्लॅनमध्ये एसएसएच चालू आहे का? उत्तर आलं, ब्राउझरची कॅशे साफ करून पाहा. ते प्रकरण कसंबसं मिटल्यावर काकांच्या कॉम्प्युटरवर चाव्यांची जोडी बनवली. पब्लिक सर्व्हरला द्यायची, प्रायव्हेट जिवापाड जपायची. काकांनी नेमकी प्रायव्हेट चावी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली. खाली हात जोडलेले इमोजी पडले आणि एका वहिनींनी विचारलं, आज पाणी उशिरा येणार का? नवी जोडी बनवली.

रिपॉझिटरी, म्हणजे गिटच्या सगळ्या नोंदींचं कपाट, वेबसाइटच्या फोल्डरबाहेर ठेवली, कारण 'डॉट गिट' फोल्डर उघड्यावर राहिला तर सगळा इतिहास कुणालाही उतरवून घेता येतो. पुश केलं, म्हणजे आपले बदल सर्व्हरकडे ढकलले, की फाइली आपोआप साइटवर याव्यात म्हणून 'पोस्ट-रिसीव्ह' नावाची हुक, म्हणजे आपसूक चालणारी छोटी स्क्रिप्ट, लिहिली. दोन ओळींची ही बाई, पण तिला चालायची परवानगी दिली नाही तर ढिम्म हलत नाही, आणि विंडोजवर लिहून चढवली तर ओळीच्या शेवटी न दिसणारं एक अक्षर चिकटतं, त्यावरून रुसते.

डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइल मी 'गिटइग्नोर'मध्ये, म्हणजे गिटने हात लावू नये अशा फाइलींच्या यादीत, घातली. भाऊ म्हणाले, "कशाला? जाऊ दे आत, नंतर डिलीट करू."

"भाऊ, नंतर डिलीट केली तरी जुन्या कमिटमध्ये, म्हणजे आधीच्या नोंदीत, राहतेच."

"म्हणजे काहीच पुसलं जात नाही?"

"नाही. आणि 'गिट ब्लेम' चालवलं की कुठली ओळ कुणी, कधी लिहिली ते दिसतं."

ऑफिसात पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. आमच्या इतिवृत्तात आजवर कर्ता आलेला नाही. तिथे झाड तोडण्यात येतं, टाकी गळू लागते, पार्किंगचा आकार वाढवण्यात येतो. कोण वाढवतो? सर्वानुमते वाढतो. आणि हा गिट दर ओळीपुढे नाव मागणार!

पहिल्याच आठवड्यात नको ते झालं. काकांनी सवयीप्रमाणे थेट सर्व्हरवर पंपवाल्याचा नंबर बदलला. भाऊंनी पुश केलं, हुकने जुनी फाइल परत आणून बसवली आणि नंबर गेला. शिवाय भाऊंच्या पुशमध्ये दुसऱ्या गाडीचं पार्किंग 500 चं 800 झालेलं सापडलं. काय बदललं ते सांगायच्या संदेशाच्या जागी लिहिलं होतं, 'किरकोळ बदल'. भाऊंकडे एकच गाडी आहे.

तातडीची सभा बोलावली. भाऊ 'गावी' गेले होते. काकांनी विचारलं, "नावाच्या जागी नुसतं 'कार्यकारिणी' लिहिलं तर चालतं का?" चालतं. तुम्ही सेटिंगमध्ये जे नाव लिहाल, ते गिट निमूट मानून घेतो. ओळखपत्र मागत नाही. सगळ्यांचे चेहरे उजळले. चहा आला.

"फक्त एक ईमेलही लागतो," मी म्हणालो.

पुन्हा पंख्याचा आवाज. काकांनी सभेवर नजर फिरवली, रिकाम्या खुर्चीशी थांबले आणि म्हणाले, "भाऊंचा टाक. आणि इतिवृत्तात लिही, सर्वानुमते."