टीडीएस मीटरला आर्सेनिक दिसत नाही

सोसायटीच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज आता आईच्या फोनवर पोचलाय: ‘टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण घटक) ३००च्या खाली असेल तर पाण्यात जड धातू नाहीत. खात्री करायची तर दोन सळ्या बुडवून वीज सोडा, लपलेले धातू वर येतील. नाहीतर पाणी उकळा, धातू तळाशी बसतात.’ तिन्ही चूक, आणि पहिलं तर जिवावर बेतणारं.

टीडीएस मीटर धातू मोजतच नाही. पाण्यातून वीज किती वाहते ते बघतो आणि ठरावीक गुणकाने गुणून आकडा दाखवतो. त्यात मुख्य वाटा कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, क्लोराइड, बायकार्बोनेट यांचा. आयएस १०५०० या भारतीय मानकात टीडीएसची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आर्सेनिकची ०.०१, शिशाचीही तेवढीच. मर्यादेच्या दहापट शिसं आलं तरी मीटरवर २८०चे २८०च राहतात. आर्सेनाइट हे आर्सेनिकचं जास्त विषारी रूप तर पिण्याच्या पाण्यात बहुतांश विद्युतभाराविना असतं. ज्याच्यावर भारच नाही, ते वीज वाहून नेणार कसं? बंगाल-बिहारच्या प्राणवायू नसलेल्या भूजलात मुख्यतः हेच रूप सापडतं, आणि भार नसल्यामुळेच ते आरओलाही नीट अडवता येत नाही.

आरओ विकणारे दाखवतात तो सळ्यांचा खेळ म्हणजे निव्वळ फसवणूक. विरघळते ती लोखंडी सळी! ०.१ अँपिअर वीज एक मिनिट वाहिली की साधारण १.७ मिलिग्रॅम लोह पाण्यात उतरतं. पेलाभर पाणी विटकरी करायला तेवढं पुरतं. आरओचं पाणी नितळ राहतं, कारण त्यातून वीज जेमतेम वाहते. विक्रेत्याला त्यात चिमूटभर मीठ टाकून पुन्हा करायला सांगा, तेही विटकरी होईल.

उकळल्याने पाणी आटतं, आर्सेनिक आहे तेवढंच राहतं. तळाचा पांढरा थर चुन्याचा. एवढं मात्र खरं, की लोहाचं बोअरचं पाणी रात्रभर उघडं ठेवलं तर लोह गंजून खाली बसतं आणि थोडं आर्सेनिकही सोबत नेतं. किती नेलं, ते तपासल्याशिवाय कळत नाही.

तपासायचंच तर आम्लाने धुतलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या प्रयोगशाळेतूनच घ्या. एकूण धातूंसाठी न गाळलेल्या पाण्यात नायट्रिक आम्ल, पीएच २च्या खाली. नाहीतर धातू बाटलीला चिकटतात आणि आकडा कमी येतो. विरघळलेल्या धातूंसाठी जागेवरच ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, आम्ल नंतर. क्रम उलटला की गाळातला धातूही विरघळलेल्यात मोजला जातो. हेक्साव्हॅलंट क्रोमियमची (क्रोमियमच्या घातक रूपाची) बाटली वेगळी, बर्फात, आणि तिच्यात हे आम्ल अजिबात नको: आम्लात त्याचं ट्रायव्हॅलंट, म्हणजे कमी घातक रूप होतं आणि घातक रूप अहवालात दिसतच नाही.