टँकर मोजता, मग ताप पण मोजा की

दुष्काळ म्हटलं की आपल्याकडं लगेच पैसेवारी (पीक किती आलं याचा सरकारी अंदाज) सुरू होते, 50 पैशांच्या आत का बाहेर, टँकर किती लागले, कांद्याचं काय होणार. बरोबरे, पोट त्याच्यावरच आहे. पण दुष्काळात माणसं आजारी कशानं पडतात हे कुणी विचारतच नाही राव.

डेंग्यू म्हणजे पावसाळ्यातलं दुखणं असं डोक्यात फिट बसलंय आपल्या. पण डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला नदीनाला लागत नाही, घरात साठवलेलं चांगलं पाणी लागतं, आणि नळ जितका उशिरा येतो तितकी पिंपं वाढतात. उन्हाळ्यात नांदगावकडं मावशीकडं गेलो होतो, तिथं आशाताई (गावातल्या आशा सेविका) बॅटरी घेऊन एकेक पिंप बघत होत्या. उजेड पडला की बारीक अळ्या वळवळत खाली पळायच्या. ताई म्हणाल्या ओतून टाका, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायचा असतो. मावशी भडकलीच, "अगं बाई, बारा दिवसांनी पाणी आलंय, ओतू म्हणतीस? मग वापरू काय?"

चूक ताईंची नाहीच, ती सूचनाच रोज नळ येणाऱ्यांसाठी लिहिलीय. शेवटी पाणी फडक्यानं गाळून दुसऱ्या पिंपात घेतलं, रिकामं पिंप काथ्यानं घासलं (अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने जगतात) आणि वरून जुनं लुगडं घट्ट बांधलं.

बाकीची दुखणी तर मोजलीच जात नाहीत. विहिरीचा तळ लागला की उरलेल्या पाण्यात घाण जास्त, टँकर भरताना टीसीएल (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर) पडली नाही की जुलाब-उलट्या ठरलेल्या. बोअर खोल खोल नेलं की काही ठिकाणी फ्लोराइडचं पाणी लागतं. बाया तर पाणी पितच नाहीत पुरेसं, आधी पोरांना, गुरांना, मग स्वतःला, मग लघवीची जळजळ, मुतखडा, आणि ते सांगायचं कुणाला.

आणि हे आता कधीतरीचं राहिलेलं नाही. 2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता, त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर मालेगाव, सिन्नर, येवला दुष्काळी जाहीर झाले. पाऊस आला तरी थोड्या दिवसांत धो धो कोसळून वाहून जातो आणि वाढलेल्या उन्हानं उरलेलं पण उडतं. इगतपुरी-त्र्यंबक-पेठला एवढा पाऊस, तरी एप्रिल-मेमधे पाड्यावरच्या बाया विहिरीत उतरून वाटीनं पाणी भरतात, आणि आम्ही नाशिकवाले गंगापूर धरणाचे टक्के बघून निवांत झोपतो.

माझं म्हणणं एवढंच की गाव टंचाईत गेलं की पैसेवारीसोबत उपकेंद्राचं ओपीडी रजिस्टर पण बघा, ताप किती, जुलाब किती. टँकरसोबत झाकणाची पिंपं द्या. टीसीएल टाकली का हे सरपंचाच्या सहीवर नको, क्लोरीन तपासून लिहा, किट काय फार महाग नसतं.

येवला, नांदगाव, सिन्नरवाल्यांनो, तुमच्याकडं टँकरमधे टीसीएल कोण टाकतं सांगा बरं, का कुणीच नाही?