वाचनावर उतारा

इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला वाचनाची गोडी लागली तर काय करायचं, ही चिंता आपल्या पेशात फारशी कुणाला करावी लागत नाही. इतक्या वर्षांची आपली मेहनत आहे ती. तरीपण दर वर्गात एखादं पोर निघतंच, जे न सांगता पुस्तक उघडतं. त्याचा बंदोबस्त कसा करावा हे नव्याने रुजू झालेल्या, अजून उत्साह शिल्लक असलेल्या शिक्षकांना कुणी सांगत नाही. म्हणून हे चार अनुभवाचे बोल.

पहिल्याच तासापासून मोठ्याने वाचून घ्या. एकेकाने उठायचं, एकेक परिच्छेद वाचायचा आणि बसायचं. या पद्धतीचं सौंदर्य पाहायचं असेल तर तिसऱ्या बाकावरच्या मुलाकडे बघा. धडा सुरू झाल्याबरोबर तो पुढची डोकी मोजतो. सहा. म्हणजे आपला सातवा परिच्छेद. तो बोटाने शोधतो, त्यातल्या लांबलचक शब्दावर थांबतो, ओठ हलवत त्याची तालीम करतो. तेवढ्यात पुढचा एक जण पाणी प्यायला जातो आणि सगळा हिशेब कोसळतो. आता सहावा परिच्छेद आला, आणि तो तर पाहिलेलाच नाही! इकडे गोष्टीत कुणीतरी बुडतंय, कुणीतरी हाका मारतंय. आपल्या या वाचकाला त्याची गंधवार्ताही नाही. पाळी आटोपल्यावर तो सुटकेचा निःश्वास टाकतो आणि तास संपेपर्यंत खिडकीबाहेर बघतो. शेवटी तुम्ही विचारायचं, "समजलं का सगळ्यांना?" वर्ग एका सुरात म्हणणार, "होऽऽ". झालं वाचन.

मूक वाचनाच्या नादी लागू नका. त्याचा आवाज येत नाही. व्हरांड्यातून जाणाऱ्या मुख्याध्यापकांना वाटतं, वर्गात शिक्षकच नाही.

मोठ्याने वाचताना उच्चारावर मात्र लक्ष ठेवा. मूल वाक्याच्या अर्थाजवळ पोचलंय असं वाटलं, की तिथेच अडवून उच्चार दुरुस्त करा. इंग्रजी भाषा या कामी आपल्याला भरभरून मदत करते. टफ, कॉफ, थ्रू आणि दो या चारही शब्दांच्या शेवटी ओ-यू-जी-एच हीच चार अक्षरं येतात आणि चारही वेळा मुलाला तोंडघशी पाडतात. खुद्द 'वाचणे' या क्रियापदाचं बघा. आज वाचलं तर रीड, काल वाचलं असेल तर रेड, स्पेलिंग एकच. म्हणजे हा शब्द नीट उच्चारायचा तर आधी वाक्याचा अर्थ लागायला हवा. पण ही गोष्ट वर्गात बोलू नका, मुलं अर्थाच्या मागे लागतील.

गफ आणि टनमर या दोघा संशोधकांनी १९८६ मध्ये एक साधं समीकरण मांडलं: अक्षरं उलगडून शब्द ओळखण्याची क्षमता गुणिले भाषा समजण्याची क्षमता, म्हणजे वाचून होणारं आकलन. यातला गुणाकार भारी त्रासदायक आहे. मूल घडाघडा वाचतं, पण कानाने ऐकलेलं इंग्रजीही त्याला कळत नसेल, तर एक बाजू शून्य आणि उत्तरही शून्य. तुम्ही गुणाकाराच्या जागी बेरीज करा. घडाघडा वाचनाचे पैकीच्या पैकी, समजण्याचं शून्य, पोर पास. पालकही खूश, कारण घरी त्यांनी पोराचा आवाज ऐकलेला असतो.

आता उतारा कसा निवडायचा. नेशन आणि हू यांनी २००० साली तपासून पाहिलं, की कुणाच्या मदतीशिवाय गोष्ट नीट समजायला त्यातले किती शब्द आधीच माहीत असावे लागतात. उत्तर आलं, सुमारे ९८ टक्के. म्हणजे शंभर शब्दांत दोनच अनोळखी. शब्दांची ओळख ८० टक्क्यांवर आणली, तेव्हा एकाही वाचकाला मजकूर पुरेसा समजला नाही. आपल्याला हवा तो आकडा नेमका मिळाला! शंभरात वीस अनोळखी शब्द असलेला उतारा घ्या आणि हातात शब्दकोश द्या. अर्ध्या तासाने वही बघा. ओळींच्या वर पेन्सिलीने मातृभाषेतले अर्थ, ओळींच्या खाली आपल्या लिपीत उच्चार आणि मध्ये कुठेतरी घुसमटलेलं इंग्रजी वाक्य. प्रत्येक शब्दाचा पहिला अर्थ उतरवलेला असल्यामुळे नदीच्या 'बँके'वर बसलेला माणूस पैसे काढायला गेला असं पोराला वाटतं. वाटू द्या.

सोपी पुस्तकं वर्गात येऊ देऊ नका. सोप्या पुस्तकांचा धोका असा, की मूल एक संपवतं आणि दुसरं मागतं. फिजीमधल्या खेड्यांतल्या शाळांत हा प्रकार झालेला आहे. एली आणि मांगुभाई यांनी १९८३ मध्ये त्याची हकीकत प्रसिद्ध केली. वर्गावर्गात अडीचशेच्या आसपास इंग्रजी गोष्टीची पुस्तकं ठेवली, मुलांना ती वाचू दिली, आणि काही महिन्यांत त्या मुलांचं वाचन व श्रवण इतरांच्या जवळजवळ दुप्पट वेगाने पुढे गेलं. प्रश्नपत्रिका न सोडवता! अशी उदाहरणं प्रशिक्षणात ऐकावीत, टाळ्या वाजवाव्यात आणि कपाटाची किल्ली खिशात आहे ना, ते चाचपून बघावं.

मुख्य विषय अर्थातच परीक्षेचा. अँड्र्यू इंग्रॅहम नावाच्या गृहस्थांनी १९०३ मध्ये एक वाक्य रचलं: द गोस्टक डिस्टिम्स द डॉशेस. यातला 'द' सोडला तर एकाही शब्दाला अर्थ नाही. आता याच्यावर प्रश्न काढा. गोस्टक काय करतो? डॉशेसना डिस्टिम करतो. डॉशेसना कोण डिस्टिम करतं? गोस्टक. डिस्टिम कोण होतं? डॉशेस. तीनपैकी तीन. उत्तरात व्याकरणाची चूक नाही, अक्षर सुवाच्य असेल तर शाबासकीही द्या. गोस्टक म्हणजे प्राणी की यंत्र, आणि डॉशेस बिचारे जिवंत आहेत का, हे कुणी विचारलेलंच नाही. आकलनाचे निम्मे प्रश्न मी आजवर याच साच्यातून काढत आलो आहे. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, सापडला की ते आख्खं वाक्य उतरवायचं. माझा निकाल नेहमी चांगला लागतो.

तपासायचा कंटाळा असेल तर पर्यायांचे प्रश्न काढा. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात फ्रेडरिक केली यांनी १९१५ च्या सुमारास मूक वाचनाची चाचणी याच धाटणीवर बेतली होती, कारण तपासणी झटपट व्हावी आणि माणसागणिक गुण बदलू नयेत. हेतू चांगला. आपण त्यात थोडी भर घातली आहे. बरोबर पर्याय सगळ्यात लांब ठेवावा, कारण तो चुकीचा ठरू नये म्हणून आपणच त्याला शेपट्या जोडत बसतो. 'नेहमी' आणि 'कधीच नाही' हे शब्द चुकीच्या पर्यायांत घालावेत. आणि आकाश, पाऊस, झाडं असे विषय निवडावेत, म्हणजे उतारा न वाचताही उत्तर येईल. खात्री करायची असेल तर उतारा हाताने झाकून स्वतःची प्रश्नपत्रिका सोडवून पाहा. मी एकदा पाहिली. दहापैकी आठ आले. तेव्हापासून हात लावलेला नाही.

मोठ्या परीक्षांचं तंत्र आणखी वरच्या पट्टीतलं. आयेल्ट्स या इंग्रजीच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेत वाचनाच्या भागाला साठ मिनिटांत चाळीस प्रश्न असतात आणि त्यात 'खरे', 'खोटे' यांच्या जोडीला 'दिलेले नाही' असाही पर्याय येतो. खोटे आणि दिलेले नाही यांतला फरक कळण्यासाठी लेखकाने काय म्हटलं आणि काय म्हटलंच नाही हे बारकाईने पाहावं लागतं. त्यात फार वेळ जातो. त्याऐवजी क्लृप्त्या शिकवा: प्रश्न आधी वाचा, पहिली आणि शेवटची ओळ बघा, मधलं सोडा. मधलं सोडायची सवय एकदा लागली की जन्मभर पुरते.

एका भानगडीपासून तेवढं जपा. स्टेफन्सन, जोग-देव आणि अँडरसन यांनी १९७९ मध्ये भारतीय आणि अमेरिकन वाचकांना दोन्हीकडच्या लग्नांची वर्णनं वाचायला दिली. आपापल्याकडचं लग्न प्रत्येकाने भराभर वाचलं, जास्त लक्षात ठेवलं. अमेरिकन वर्णनात नवरीने आजीचा लग्नातला पोशाख घातला होता. तिकडे ती मोठ्या कौतुकाची गोष्ट. एका भारतीय वाचकाने लिहिलं, की नवरी बरी दिसत होती, पण पोशाख जुना आणि फॅशन गेलेला होता. शब्द सगळे कळलेले, वाक्यही कळलेलं. असं उत्तर आलं तर त्यावर विचार करत बसू नका. उत्तरसूचीत नाही, लाल रेघ ओढा.

एवढं सगळं करूनही ते एक पोर उरतंच. मागच्या बाकावर मांडीवर पुस्तक ठेवून वाचत असतं. अडलेला शब्द ओलांडून पुढे जातं, ओठ हलत नाहीत, मध्येच एकटंच हसतं. पुस्तक जप्त करा. ते विचारेल, "सर, तो विहिरीतून बाहेर येतो का, तेवढं सांगा ना." म्हणा, ते परीक्षेला नाही. मग पुस्तक टेबलाच्या खणात टाका आणि खणाला न विसरता कुलूप लावा. मी लावलं नव्हतं. मधल्या सुट्टीत सहज उघडलं, आणि पुढच्या तासाला दहा मिनिटं उशिरा पोचलो.