गॉसफर्थचा क्रूस आणि आपले वीरगळ

देवळाबाहेरच्या वीरगळांना, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या कोरीव स्मारकशिळांना, जीर्णोद्धाराच्या वेळी ऑइलपेंट फासावा की नाही, यावर आमच्या गावात सध्या दोन तट पडले आहेत. देव आमचा, दगडही आमचा, असे एकांचे म्हणणे. तर ते पुरातत्त्व खात्याच्या हवाली करून भोवती कुंपण घाला, असा दुसऱ्यांचा आग्रह.

इंग्लंडच्या वायव्येला कंब्रियात मी नोकरीनिमित्त राहतो. इथल्या गॉसफर्थ गावी सेंट मेरी चर्चच्या आवारात, थडग्यांच्या सोबतीने, तांबड्या वालुकाश्माचा सुमारे साडेचार मीटर उंचीचा क्रूस दहाव्या शतकापासून ऊनपाऊस झेलत उभा आहे. खाली गोल आणि वर चौकोनी होत गेलेल्या त्या सडपातळ खांबावर क्रुसावरचा येशू कोरलेला आहे. त्याच खांबावर ख्रिस्ती होण्याआधीच्या स्कँडिनेव्हियाच्या, म्हणजे नॉर्स, पुराणातला बांधून घातलेला खोडकर देव लोकी आणि त्याच्यावर ठिबकणारे सापाचे विष भांड्यात झेलणारी त्याची बायको सिगिनही आहे. (भावना दुखावून घ्यायच्याच तर मजकूर भरपूर आहे.) संरक्षित स्मारक असल्याने 1979 च्या कायद्यानुसार सरकारी संमतीवाचून त्याची दुरुस्तीसुद्धा करता येत नाही, पण जवळ जायला, प्रार्थनेला आडकाठी नाही.

आपल्याकडे केंद्र-संरक्षित स्मारकाभोवती प्राचीन स्मारक कायद्यातल्या 2010 च्या दुरुस्तीनुसार 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे, आणि पुढच्या 200 मीटरवर नियंत्रण. संरक्षण म्हटले की गावकऱ्याला आधी स्वतःच्या घराची वाढवायची पडवी आठवते, ती उगाच नाही.

इंग्रज जात्याच जपणारे, असे मात्र कुणी समजू नये. 1643 मध्ये इथल्या पार्लमेंटनेच असे क्रूस पाडण्याचा हुकूम काढला. कित्येक चर्चांच्या आवारात आज पायऱ्या आणि तुटका खांबच उरला आहे. शिवाय गॉसफर्थच्या क्रुसाला कुणी शेंदूर लावत नाही, त्यामुळे इथली शिस्त स्वस्तात पडते.

वीरगळाचे तसे नाही. खालच्या चौकटीतली लढाई, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वरचे शिवलिंग आणि चंद्रसूर्य हे सारे रंगाच्या थरांखाली बुजते खरे. पण फुले वाहणाऱ्यांना दूर सारले, तर त्या दगडाकडे रोज पाहणारेही कुणी राहत नाही. म्हणून पूजा चालू द्यावी, रंग आणि सँडब्लास्टिंग (वाळूच्या माऱ्याने दगड घासणे) मात्र थांबवावे, असे माझे मत आहे. त्यासाठी जीर्णोद्धार समितीला काम काढण्याआधी विचारता येईल असा जाणकार माणूस तालुक्याच्या ठिकाणी हवा, आणि त्याचे उत्तर गवंडी येण्याआधी मिळायला हवे.