आधी तारीख विचारायला शिकवा, मग एआय

कोविड ओसरल्यापासून आरोग्य कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणांना तोटा नाही. आशा, एएनएम (नर्सताई), एमपीडब्ल्यू (गावोगाव फिरणारे बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी), सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी), सगळ्यांना तालुक्याला बोलावणं येतं आणि विषय बहुतेक वेळा नवं अ‍ॅप हाच असतो. लॉगिन कसं करायचं, पासवर्ड विसरला तर काय, एन्ट्री लाल दिसली तर कुठे दाबायचं. आता त्यात एआयची भर पडली आहे. एआय यावं, जरूर यावं. माझी तक्रार क्रमाबद्दल आहे.

सप्टेंबर २०२० मधली ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही घरोघर कोविड तपासणीची मोहीम आठवा. पथकं थर्मल गन आणि ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरली. ऑक्सिमीटर वापरायला सोपा, बोटाला लावला की झालं. पण बोटाला नेलपॉलिश किंवा मेंदी असेल, बाई नुकतीच थंड पाण्यात भांडी घासून उठली असेल, तर आकडा फसवा येतो. स्क्रीनवर उमटलेला पहिला आकडा लिहायचाच नसतो. हात चोळून गरम करायला सांगायचा, बोट स्थिर ठेवायचं, आकडा हलायचा थांबेपर्यंत पंधरावीस सेकंद वाट पाहायची आणि मग लिहायचं. दिवसाला पन्नास घरं असली की ही सेकंदंच आधी कापली जातात. ही खोट उपकरणात नव्हती, शिकवण्यात होती. एआयच्या बाबतीत तेच पुन्हा होऊ घातलंय, फक्त मोठ्या प्रमाणावर.

साथरोग सर्वेक्षणाचं बघा. एप्रिल २०२१ मध्ये आयएचआयपीची, म्हणजे साथींच्या नोंदींच्या सरकारी पोर्टलची, नवी आवृत्ती आली आणि आठवड्याला कागदावर जाणारे एस, पी, एल (संशयित, संभाव्य आणि प्रयोगशाळेत सिद्ध झालेले रुग्ण) फॉर्म रोज ऑनलाइन भरायचे झाले. गाववार, रुग्णवार माहिती, उत्तम सोय. दिल्लीचं राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र बातम्यांमधल्या साथीसुद्धा एआयने चाळून काढतं. पण ‘अमुक गावात गॅस्ट्रो’ ही बातमी यंत्राने पकडली तरी ती खरी का, हे विचारायला शेवटी एमपीडब्ल्यूलाच मोटारसायकलला किक मारावी लागते.

तिथे गेल्यावर पहिलं काम लाइनलिस्ट, म्हणजे एका ओळीत एक रुग्ण अशी यादी. नाव, वय, वस्ती, पाणी कुठलं पितात, लक्षणं, आणि लक्षणं सुरू झाल्याची तारीख. बहुतेक लाइनलिस्टा या शेवटच्या रकान्यात मरतात, कारण तिथे रुग्ण दवाखान्यात आला ती तारीख पडते. समजा पाइपलाइन गुरुवारी फुटली आणि शुक्रवारपासून लोकांना जुलाब सुरू झाले. रविवारी ओपीडी बंद, म्हणून सगळे सोमवारी आले. आलेल्या तारखा भरल्या की संगणक क्षणात देखणा आलेख काढून देतो आणि त्याचं टोक सोमवारी दिसतं. मग रविवारच्या लग्नाच्या जेवणावर खापर फुटतं, आचाऱ्याला नोटीस जाते, आणि फुटलेली पाइपलाइन आणखी चार दिवस गटाराचं पाणी ओढत राहते. इथे एआय चुकलं असं म्हणता येणार नाही. त्याला ज्या तारखा दिल्या, त्यांचं त्याने इमानेइतबारे चित्र काढलं.

ही तारीख काढणं ही कला आहे आणि ती शिकवता येते. ‘कधीपासून त्रास?’ विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘झाले दोन-तीन दिवस.’ त्याऐवजी विचारायचं, बाजाराच्या आधी की नंतर? एकादशीचा उपास धरला होता तेव्हा बरं होतं का? रात्री पहिल्यांदा उठावं लागलं ती रात्र कोणती? शब्दांचंही तसंच. जुलाब, ढाळ, हगवण, ‘पोट बिघडलंय’, ‘संडास लागलीय’ या सगळ्यांचा रकाना एकच. बोललेलं मराठी टिपून घेणारी नवी साधनं प्रमाण मराठीला बरी चालतात. मेळघाटातल्या कोरकूपुढे किंवा खानदेशातल्या अहिराणीपुढे त्यांच्यावर विसंबणं धोक्याचं. तिथे टिपलेला मजकूर परत वाचून दाखवायचा, हा नियम पहिल्याच दिवशी घालून द्यायला हवा.

आता जिथे एआय खरोखर कामाला येतं ते क्षेत्र, टीबी. हातात मावणारं एक्स-रे यंत्र आणि फिल्म वाचणारं एआय, ही जोडी गावात पोचू लागली आहे. पंधरा वर्षांवरच्यांच्या तपासणीत हे वाचन रेडिओलॉजिस्टच्या जागी वापरता येईल, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्येच म्हटलंय. पण यंत्राने ‘संशयित’ म्हटलं म्हणजे काय, हे आशाताईला कळलं नाही तर वस्तीत हलकल्लोळ होतो.

हिशेबाला सोपे आकडे घेऊ. हजार लोक तपासले, त्यांत खरे टीबीचे १०. यंत्र शंभरातले ९० आजारी पकडतं आणि शंभरातल्या ८० निरोग्यांना बरोबर सोडतं. म्हणजे १० पैकी ९ सापडले. पण ९९० निरोग्यांपैकी १९८ जणांवरही खूण पडली. एकूण संशयित २०७, खरे ९. हे पीपीटीवर दाखवू नका. २०७ चिंचोके टेबलावर ओता, नऊंना खडू लावा आणि डोळे मिटून एक उचलायला सांगा. वीस मिनिटांत सगळ्यांना कळतं की संशयित म्हणजे रुग्ण नव्हे आणि थुंकी तपासल्याशिवाय शेजारणीला काही बोलायचं नाही. दहावा, यंत्राने सोडलेला, तोही विसरायचा नाही. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर एक्स-रे ‘नॉर्मल’ आला तरी त्याची थुंकी जायलाच हवी.

आणि थुंकी म्हणजे लाळ नव्हे. चूळ भरायची, दोन-तीन खोल श्वास घ्यायचे, उघड्यावर, इतरांपासून लांब जाऊन छातीतून खोकून घट्ट बेडका काढायचा. नाव डबीच्या अंगावर लिहायचं, झाकणावर नाही, कारण झाकणं बदलतात. एआयने अचूक निवडलेल्या माणसाची डबीभर लाळ ट्रूनॅटला, म्हणजे थुंकीतला टीबी शोधणाऱ्या यंत्राला, गेली की अहवाल निगेटिव्ह, आणि सगळे यंत्राला शिव्या देतात.

मोबाइलवरच्या चॅटबॉटचा प्रश्न वेगळा. ‘वापरू नका’ असं सांगून कुणी थांबणार नाही, तेव्हा कुठे फसतो ते दाखवावं. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल द्यायचं आहे. पाच एमएलमध्ये १२५ मिलिग्रॅमवाल्या सिरपचे ६ एमएल होतात. २५० वाल्याचे ३ एमएल. एका एमएलमध्ये १०० मिलिग्रॅमवाल्या ड्रॉप्सचे दीड एमएल. बाटली कोणती ते न विचारता उत्तरात ‘६ एमएल’ आलं आणि घरात ड्रॉप्स असले तर मुलाला चौपट डोस जाईल. प्रशिक्षणात तिन्ही बाटल्या टेबलावर ठेवायच्या आणि प्रत्येकीकडून लेबल मोठ्याने वाचून घ्यायचं. रुग्णाचं नाव, आभा (आरोग्य ओळखपत्राचा) क्रमांक, रजिस्टरचा फोटो चॅटबॉटला द्यायचा नाही, हे त्याच तासात सांगून टाकावं.

मला सगळ्यात जास्त काळजी बीपीच्या रकान्याची आहे. कुठलंही रजिस्टर उघडा, १२०/८०, १३०/८०, १२०/८०. माणसाचं बीपी इतकं शून्यप्रेमी नसतं. पाच मिनिटं बसवलं नाही, पट्टा जाड दंडाला तोकडा पडला, हात खाली लोंबत राहिला, किंवा सरळ अंदाजे लिहिलं. कागदावर होतं तोवर नुकसान त्या एका रुग्णाचं होतं. उद्या याच आकड्यांवर यंत्र शिकणार आणि ‘या गावाला धोका कमी’ असं सांगणार. एन्ट्रीवरून कामाचं माप काढायचं आणि वेळ द्यायचा नाही, तिथे १२०/८० लिहिणाऱ्या ताईला एकटीला दोष देण्यात अर्थ नाही.

मग प्रशिक्षण कसं घ्यावं? राज्य, जिल्हा, तालुका, पीएचसी अशी चार पायऱ्यांची उतरंड आहे. वरच्या पायरीवरचा तीन दिवसांचा विषय खाली येईस्तोवर दीड तासाचा होतो, आणि गळतं ते नेमकं हातांनी करायचं काम. तुकडी पंधरापेक्षा मोठी नको. पहिला अर्धा दिवस मोबाइल पिशवीत. दुपारी एआयची वीस उत्तरं द्यावीत, त्यांत पाच मुद्दाम चुकीची मिसळावीत आणि शोधायला लावावीत. शेवटी चार पर्यायांची परीक्षा घेण्याऐवजी पट्टा हातात देऊन बीपी मोजताना नुसतं बघावं. महिन्याने होणाऱ्या बैठकीपर्यंत गटप्रवर्तकाने, म्हणजे आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्याने, प्रत्येकीच्या पाच नोंदी रुग्णांच्या घरी जाऊन पडताळलेल्या असाव्यात. आणि आशाताईचं काम मोबदल्यावर चालतं, दिवसभर तालुक्याला बसवलं की तो दिवस बुडतो. त्या दिवसाचे पैसे आणि एसटीचं भाडं त्याच संध्याकाळी हातात पडलं पाहिजे, पुढच्या तिमाहीत नाही.