खेळ बाजूला ठेवा, डोळ्यांचं बघा

मेंदूला मार बसलेल्यांचा तोल व्हीआरने (कॉम्प्युटरने उभ्या केलेल्या आभासी दृश्यातल्या खेळांनी) सावरता येतो, हे तुमच्याकडच्या लेखातलं म्हणणं पटलं. पण 'खेळ असल्यामुळे पेशंट कंटाळत नाही' एवढंच कारण देऊन लेखकाने मुख्य मुद्दा सोडून दिला. तोल सांभाळताना मेंदू डोळे, आतला कान आणि पाया-सांध्यांतून येणारी जाणीव यांचा मेळ घालतो. मार लागल्यावर बरेच जण डोळ्यांवरच जास्त विसंबतात. माझा मेहुणा घोडबंदर रोडला बाइकवरून पडला. नंतर घरात व्यवस्थित चालायचा, पण ठाणे स्टेशनबाहेर सॅटिसच्या पुलावर चहूबाजूंनी माणसं सरकायला लागली की कठडा शोधायचा. व्हीआरमध्ये नेमकी हीच परिस्थिती उभी करता येते: पायाखालची जमीन स्थिर, समोरचं दृश्य हलतं, आणि गर्दी पेशंटला झेपेल तशी वाढवायची. पट्टा बांधलेला आणि फिजिओ शेजारी, म्हणजे पडायची धास्ती कमी.

चक्कर-मळमळ होऊ शकते, फिट्स येत असतील तर आधी डॉक्टरांना विचारायला हवं, हेही लिहायला हवं होतं.

आणि लेखातलं ते 'जुन्या व्यायामांची सुट्टी' वगैरे नको हो! कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात (पक्षाघाताच्या पेशंटवरच्या, ७२ चाचण्यांच्या) असं दिसलं होतं की हाताच्या हालचालीसाठी व्हीआर नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरलं नाही. जोडीला वापरून व्यायामाचा वेळ वाढला तेव्हा फायदा दिसला. कोणी महागडं पॅकेज गळ्यात मारत असेल, तर तोल मोजणाऱ्या ५६ गुणांच्या बर्ग चाचणीत आज किती आणि महिन्याने किती, एवढं विचारून घ्या.